मालकाच्या वहीतले वृत्तपत्र

संगणकीय खेळांकडे साहित्यसमीक्षेने लक्ष द्यावे की न द्यावे, हा वाद आता शिळा झाला. लक्ष द्यायला हवे, याविषयी फारसे दुमत उरलेले नाही. वाद आहे तो लक्ष कशाकडे द्यायचे याचा. साहित्याच्या वर्गांतून आलेले आपण लोक खेळाकडे पाहतो ते कादंबरीची ओळख करून दिल्याप्रमाणे: काळ कोणता, पात्रे कोण, विषय पुरोगामी की प्रतिगामी. खेळाचे नियम, म्हणजे काय केल्यावर काय मिळते आणि काय गमावते याची व्यवस्था, आपण 'तांत्रिक बाब' म्हणून सोडून देतो. कवितेचा सारांश सांगावा आणि छंद छापखान्याच्या हवाली करावा, तसलाच हा प्रकार. आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाहीत, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि खेळापुढे बसलो की स्वतःच विसरतो.

इयन बोगोस्ट या अमेरिकन अभ्यासकाने २००७ साली मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो. खेळ आपले म्हणणे मुख्यतः नियमांतून मांडतो, संवादांतून आणि चित्रांतून नव्हे, असे तो म्हणतो. पुढे २०१० साली दोन सहलेखकांसह त्याने पत्रकारिता आणि खेळ यांच्या संबंधावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याची सगळी मते पटावीत असा आग्रह नाही. पण नियम हीच खेळाची भाषा आहे एवढे मान्य केले, तर वृत्तपत्र चालवण्याचे जे खेळ आज कौतुकाचा विषय झाले आहेत, त्यांच्याविषयी काही अप्रिय बोलणे भाग पडते.

उदाहरणादाखल 'न्यूज टॉवर' घेऊ. स्पॅरो नाइट या संस्थेने केलेला हा व्यवस्थापनाचा खेळ २०२४ साली प्रथम लोकांपुढे आला. काळ १९३० चे दशक, स्थळ न्यूयॉर्क. डबघाईला आलेले एक वृत्तपत्र तुमच्या हाती येते. तारयंत्रावर बातम्यांचे धागे येतात, तुम्ही त्यांच्यामागे बातमीदार धाडता, बातमी घेऊन ते परततात, मग खिळे जुळवणारे आणि पाने लावणारे आपापले काम करतात, आणि रविवारी अंक निघतो. अंक खपला की पैसा, पैशातून नवा मजला, नव्या मजल्यावर नवे टेबल आणि नवा माणूस. इमारत चढत जाते. शहराचे एकेक भाग तुमच्या वितरणाखाली येतात. भोवती महापौर, गुन्हेगारी टोळी, लष्कर, उच्चभ्रू मंडळी अशी सत्ताकेंद्रे आहेत. त्यांच्या मागण्या असतात, आणि त्या पुरवल्या की लाभ पदरात पडतात.

या खेळाचे जे खरे श्रेय आहे ते आधी देऊन टाकू. वृत्तपत्र ही हातांनी घडणारी वस्तू आहे, हे त्याला नेमके कळले आहे. तारघरातून निघालेला कागद टंकलेखनयंत्रापर्यंत, तेथून खिळ्यांपर्यंत आणि तेथून यंत्रावर कसा जातो. वाटेत एक माणूस अडला की सगळा अंक कसा तुंबतो. संपादकीय प्रतिभेइतकाच जिना कोठे आहे यालाही अर्थ कसा असतो, हे तो दाखवतो. वृत्तपत्रांच्या इतिहासावरील आपल्या लेखनात अग्रलेख असतात, खटले असतात, पण कंपॉझिटर क्वचितच असतो. त्या दृष्टीने या खेळाने आपल्याला लाजवले आहे असे म्हटले तरी चालेल.

आता मूळ प्रश्न. कादंबरी हाती घेतली की निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, हे विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. मग खेळ जेव्हा 'तुम्ही' म्हणतो, तेव्हा हा 'तुम्ही' कोण, हे आपण का विचारत नाही? कोणती बातमी कोणत्या पानावर जाईल हे तो ठरवतो, म्हणून आपण त्याला संपादक समजतो. पण माणसे तोच ठेवतो, तोच काढतो. जाहिरातींचे उत्पन्न त्याचे, कर्ज त्याचे, इमारत त्याची. हा मालक आहे. मालकाला संपादकाची खुर्ची देऊन खेळाने दोघांना एका देहात कोंबले आहे, आणि ते इतक्या सहजपणे की त्यात काही नाहीसे झाले हेही खेळणाऱ्याला जाणवत नाही.

नाहीसे काय झाले, ते त्याच शहराच्या इतिहासात शोधता येते. वॉल्ट व्हिटमन आपल्याला कवी म्हणून ठाऊक आहे. १८३८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने लाँग आयलंडवरील हंटिंग्टन या गावी 'लाँग आयलंडर' नावाचे साप्ताहिक काढले. बातम्या तोच लिहायचा, खिळे तोच जुळवायचा, आणि अंक निघाला की घोड्यावर बसून वाड्यावस्त्यांवर तोच वाटायचा. स्थानिक वृत्तपत्राचे याहून शुद्ध रूप सापडणे कठीण. व्यवस्थापनाच्या खेळाला हा माणूस फार आवडला असता, कारण त्याच्यापाशी मालक, संपादक आणि वाटप करणारा पोऱ्या एकच होते. वर्षभराच्या आतच त्याने ते साप्ताहिक विकले.

खरी कथा त्यानंतरची आहे. १८४६ साली व्हिटमन 'ब्रुकलिन डेली ईगल'चा संपादक झाला. या वेळी वृत्तपत्र त्याचे नव्हते. ते आयझॅक व्हॅन अँडन यांचे होते. मेक्सिकोशी झालेल्या युद्धातून मिळणाऱ्या नव्या भूभागांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही, या प्रश्नावर डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडली. व्हिटमनने प्रसाराच्या विरोधात लिहिले. मालक पक्षातील सनातन्यांच्या बाजूचा होता. जानेवारी १८४८ मध्ये व्हिटमनची नोकरी गेली. त्याच वर्षी त्याने ब्रुकलिनमध्ये 'फ्रीमन' हे आपल्या मतांचे पत्र काढले, तेही फार टिकले नाही. १८५५ साली त्याचा काव्यसंग्रह ब्रुकलिनमधल्याच एका छापखान्यात छापला गेला, तेव्हा काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले. नोकरी गेली नसती तर तो कवी झालाच नसता, असली भाबडी कार्यकारणे जुळवायची नाहीत. मुद्दा एवढाच की ब्रुकलिनच्या त्या वृत्तपत्रात १८४८ साली घडलेली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे एका संपादकाला काढले जाणे. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या खेळात कशी सांगाल? खेळणारा व्हिटमन असेल तर खेळ तेथेच संपतो. खेळणारा व्हॅन अँडन असेल तर एका टेबलावरचा माणूस बदलतो आणि पुढचा अंक वेळेवर निघतो. नियमांच्या भाषेत त्या घटनेला नावच नाही.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. १८८१ साली पत्र सुरू झाले, सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी न मिटणारा मतभेद झाला, १८८७ साली ते बाहेर पडले आणि १८८८ साली 'सुधारक' निघाला. मराठी निबंधाचा एक सबंध अध्याय या बाहेर पडण्यातून लिहिला गेला. खपाच्या आलेखावर मात्र हीच घटना 'एक अनुभवी कर्मचारी घटला, एक प्रतिस्पर्धी वाढला' एवढीच उमटते. आगरकरांना कशासाठी बाहेर पडावे लागले, हे ज्या वहीत लिहिता येत नाही, ती वही वृत्तपत्राची म्हणता येईल काय?

आणि वहीला केवळ सद्गुणच दिसत नाहीत असे नाही. तिला अन्यायही दिसत नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. रोख पैसे देणारे गिऱ्हाईक परत पाठवणे हा खेळाच्या हिशोबाने निव्वळ मूर्खपणा. त्या काळी तो मूर्खपणा नव्हता. तो एका समाजव्यवस्थेचा पहारा होता. नफ्यातोट्यापलीकडच्या कारणांनी माणसे थोर वागतात तशीच नीचही वागतात. ज्या खेळात प्रत्येक नकाराचा अर्थ 'उत्पन्न बुडाले' एवढाच असतो, त्यात ना आगरकर मावतात, ना ती नाकारलेली जाहिरात.

यावर एक उत्तर हमखास येते. खेळात दडपण आहे की! टोळी आहे, महापौर आहे, लष्कर आहे. वृत्तपत्रावर सत्तेची सावली कशी पडते हे तो दाखवतोच. दाखवतो, पण कोणत्या रूपात? सत्तेची मागणी येथे कंत्राटाच्या रूपात येते. अमुक पुरवा, अमुक मिळवा. यांचे ऐकले तर हा लाभ, त्यांचे ऐकले तर तो. दडपणाचा दर ठरला की ते दडपण राहत नाही, तो सौदा होतो; आणि सौदा करणारा दबलेला नसतो, चतुर असतो. चित्रातला महापौर कितीही भ्रष्ट रंगवा, नियम खेळणाऱ्याला शिकवतात ते भ्रष्टाचाराचे अंकगणित. आपण चित्र पाहून 'सत्तेची समीक्षा' म्हणून टाळ्या वाजवतो.

कामगारांचेही तेच. खेळातल्या बातमीदारांना त्रास होतो तो प्रामुख्याने गोंगाटाचा, उकाड्याचा, अंधाराचा. उपाय म्हणजे भिंत घाला, दिवा लावा, स्वच्छतागृह जवळ आणा. आता खऱ्या १९३० च्या दशकाकडे पाहा. १९३३ साली अमेरिकन पत्रकारांनी आपली संघटना उभारली. हेवुड ब्राऊन हा नामांकित स्तंभलेखक तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९३५ साली न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात, कृष्णवर्णीयांच्या 'ॲम्स्टरडॅम न्यूज' या वृत्तपत्रात, संघटनेत गेलेल्या संपादकीय कर्मचाऱ्यांना मालकांनी दाराबाहेर ठेवले आणि मोठा लढा झाला. त्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रकचेऱ्यांतला मोठा प्रश्न दिव्याचा नव्हता, वेतनाचा आणि हक्कांचा होता. काळाची टंकलेखनयंत्रे, टोप्या आणि मोटारी हौसेने उचलायच्या आणि त्या काळाचे भांडण मात्र मालकाच्या दृष्टीने 'सोयीसुविधांचा प्रश्न' करून टाकायचे, याला इतिहासाचे चित्रण म्हणत नाहीत. त्याला सजावट म्हणतात.

'अहो, पण हा खेळ आहे. त्यात सदसद्विवेक कसा घालणार?' हा दुसरा आक्षेप. घालता येतो, याचा पुरावा आधीपासून उपलब्ध आहे. ल्युकस पोप याने २०१२ साली 'द रिपब्लिया टाइम्स' हा अगदी चिमुकला खेळ केला. पुढे 'पेपर्स, प्लीज'ने तो जगप्रसिद्ध झाला, पण बीज येथेच आहे. तुम्ही एका काल्पनिक राष्ट्राच्या सरकारी वृत्तपत्राचे संपादक. बातम्या येत राहतात. कोणती घ्यायची, केवढी घ्यायची, एवढेच तुमच्या हाती. वाचक वाढले पाहिजेत आणि त्यांची राज्यनिष्ठाही. तुमची पत्नी आणि मूल सरकारच्या ताब्यात आहेत. ना इमारत, ना मजले, ना शेजारी ठेवायची कुंडी. अर्ध्या तासात संपणाऱ्या या खेळाने जे साधले ते मोठमोठ्या मनोऱ्यांना साधले नाही, आणि त्याचे कारण एकच: त्याने खेळणाऱ्याला नोकर केले. हवामानाची निरुपद्रवी बातमी मोठी करताना हात थबकतो, कारण हा हात कोणाच्या तरी मुठीत आहे. २०१६ सालच्या 'द वेस्टपोर्ट इंडिपेंडंट'नेही बातमीतला कोणता परिच्छेद गाळायचा आणि कोणता मथळा द्यायचा, हाच खेळ केला. तेथे लिहिणाऱ्यांना स्वतःची मते आहेत, आणि तुम्ही छापलेल्या शब्दांची किंमत त्यांना मोजावी लागते. या दोन्ही खेळांत खेळणाऱ्याला आकडे दिसतात. फरक असा की आकड्याखाली दबलेला माणूसही दिसतो.

नियम बदलले की खेळाचा अर्थ पालटतो, हे सांगायला खरे तर संगणकाचीही गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत 'नवा व्यापार' खेळला असेल. या जातीच्या सगळ्या पटांची आजी म्हणजे लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी तयार केलेला आणि १९०४ साली एकस्व मिळालेला 'जमीनदाराचा खेळ'. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे लोकांना कळावे, म्हणून त्यांनी तो रचला होता, आणि संपत्ती वाढली की सर्वांचे भले व्हावे असे पर्यायी नियमही त्यांनी दिले होते. १९३५ साली 'मोनोपॉली' बाजारात आला, तेव्हा पट तोच राहिला, पर्यायी नियम तेवढे गळाले. ज्या खेळाने मक्तेदारीची चीड यायला हवी होती, त्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शेजाऱ्याचे दिवाळे काढण्यातला आनंद शिकवला. पटावरचे चित्र पाहून कोणी त्याला 'भांडवलशाहीची समीक्षा' म्हटले तर आपण हसू. मग मनोऱ्यापुढे आपले हसू कोठे जाते?

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा: वृत्तपत्र जगले तर नीती, तेच बुडाले तर कसली नीती? हे खरे आहे. अमेरिकेत २००५ नंतरच्या वीस वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली, असे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अभ्यासकांच्या पाहण्या सांगतात, आणि त्यांत गावोगावची साप्ताहिकेच जास्त आहेत. व्हिटमनला काढणारे 'ब्रुकलिन ईगल' तरी कोठे उरले? कर्मचाऱ्यांच्या संपानंतर १९५५ साली ते बंद पडले आणि सत्तावीस लाखांच्या आसपास वस्तीचा ब्रुकलिन आपल्या स्वतःच्या दैनिकाला मुकला. तेव्हा हिशोब हवाच. माझा आक्षेप हिशोबाला नाही. वही एकच का, आणि ती मालकाचीच का, हा माझा प्रश्न आहे.

कारण स्थानिक वृत्तपत्राची सर्वांत मोठी जमा त्याच्या स्वतःच्या वहीत कधीच पडत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, गाओ, ली आणि मर्फी या तीन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेत एखाद्या परगण्यातले वृत्तपत्र बंद पडले, की तेथील स्थानिक शासनसंस्थांना कर्ज महाग पडू लागते. व्याजदरातली वाढ साधारण ०.०५ ते ०.११ टक्का; दिसायला चिमूटभर, पण पाणीयोजना, शाळा, रस्ते यांसाठी काढलेल्या कर्जावर ती वर्षानुवर्षे चालते. पाहणारा डोळा मिटला, हे कर्ज देणाऱ्याला कळते. नगरपालिकेच्या सभेला कोणीतरी वही घेऊन बसत होता, तो एकही ओळ न छापताही गावाचे पैसे वाचवत होता. त्याच्या त्या बसण्याचे मोल खपात उतरत नाही, जाहिरातीत उतरत नाही. ते गावाच्या वहीत उतरते. व्यवस्थापनाच्या खेळात गावाला वहीच नाही. गाव तेथे वितरणाचा नकाशा आहे: काबीज केलेला भाग आणि काबीज करायचा भाग.

टीकाकाराने पर्याय सुचवावा, अशी मागणी नेहमी होते, म्हणून तीन नियम सुचवतो. पहिला: खेळणारा संपादक असावा, मालक दुसरा कोणीतरी असावा, आणि त्याला खेळणाऱ्याला काढता यावे, काढल्यानंतरही खेळ संपू नये, कारण व्हिटमन आणि आगरकर यांचा खेळ तेथूनच पुढे सुरू झाला. दुसरा: न छापलेली बातमी नष्ट होऊ नये. ती गावात राहावी, आणि पुलाच्या भेगेतून, शाळेच्या छतातून, पुढच्या वर्षीच्या करातून परत यावी. तिसरा: वाचक हा आकडा नसून ओळखीचा माणूस असावा. ज्याच्या मुलाला झालेली अटक आज छापली, तो उद्या बाजारात समोर यावा. आपल्याकडे तालुक्याच्या गावी बातमी आणणारा आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात गोळा करणारा माणूस बहुधा एकच असतो. संपादकीय आणि जाहिरात हे दोन विभाग मनोऱ्यात वेगवेगळ्या खोल्यांत बसवता येतात. येथे त्यांची भिंत एकाच माणसाच्या छातीतून जाते. खेळ रचावा तर त्या भिंतीचा.

ही सगळी उठाठेव एका खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. साहित्याचे आपले पदवीधर आजही मोठ्या संख्येने वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांत जातात. सकाळी त्यांना आपण आगरकर निबंधकार म्हणून शिकवतो, भाषाशैलीची वैशिष्ट्ये क्रमांक घालून लिहून देतो. पुढे कधीतरी त्यांच्या टेबलावर एक बातमी येईल आणि पाठोपाठ मालकाचा निरोप येईल. त्या क्षणी तो निरोप म्हणजे 'व्यवहार' वाटतो की प्रश्न वाटतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मालकाच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय खेळातून लागो, पुस्तकातून लागो वा पगारातून लागो, ती सवय आहे हे ओळखायला शिकवणे हे समीक्षेचे काम. कथानकात टोळी आणि महापौर पाहून समाधान मानणाऱ्या आपल्या समीक्षेला तो निरोपही बहुधा कथानकाचाच भाग वाटेल. संपादकाला जेथे काढता येत नाही, तेथे संपादकच नसतो. इतकी साधी गोष्ट नियम वाचणाऱ्याला पहिल्या अंकापाशीच दिसायला हवी होती.